स्वतःला डिस्नेलँडची सहल बक्षीस द्यायचीय? मग पैशांबरोबर तासांचाही हिशोब करा!

कुणाचं पाच वर्षं फेडलेलं शैक्षणिक कर्ज एकदाचं संपलेलं असतं. कुणाला चौथ्या प्रयत्नात सीए फायनल सुटलेली असते. कुणाची दोन्ही मुलं मार्गी लागून पहिल्यांदाच हात मोकळे झालेले असतात. अशा वेळी स्वतःला काहीतरी द्यावंसं वाटतं आणि बऱ्याच जणांच्या मनात लहानपणापासून एकच चित्र असतं : दूरदर्शनवर रविवारी बघितलेली डिस्नेची कार्टून्स, त्यातला तो निळ्या कळसांचा किल्ला आणि त्यामागे फुटणारी आतषबाजी. सोशल मीडियावर कुणाचं तरी तिथलं रील दिसतं आणि जुनी इच्छा पुन्हा डोकं वर काढते.

मग घरात विषय निघतो आणि पहिलं वाक्य येतं, "हे काय वय आहे का? मुलं झाली की जाऊ." किंवा, "आता नातवंडांना घेऊनच जाऊ." मंडळी, या प्रश्नाचं उत्तर डिस्नेलँडच्या जन्मकथेतच आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घेऊन जायचे. मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसायच्या आणि वडील बाकावर बसून राहायचे. मोठ्यांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा का असू नये, हा विचार तिथेच सुचला असं डिस्ने स्वतः सांगत. १७ जुलै १९५५ला कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये पहिलं डिस्नेलँड उघडलं, ते बाकावर कंटाळलेल्या मोठ्या माणसांचा विचार करूनच. तेव्हा वयाची लाज बाळगायचं कारण नाही.

खरी अडचण वेगळी आहे. रीलमध्ये किल्ला दिसतो, पॉपकॉर्नची रंगीत बादली दिसते, रोलर कोस्टरवरची किंकाळी ऐकू येते. त्या तीस सेकंदांच्या किंकाळीआधी तोच माणूस दीड तास रांगेत उभा होता, हे मात्र रीलमध्ये येत नाही. दोन वर्षं पैसे साठवून गेलेला माणूस दिवसभरात चार राइड करून, पाय सुजवून परततो आणि "एवढं काही खास नव्हतं" म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा पार्क वाईट नसतं. नियोजनात पैशांचा हिशोब झालेला असतो, तासांचा राहिलेला असतो.

आधी "काय" ठरवा, "कुठे" आपोआप ठरेल

बहुतेक लोक उलट्या बाजूने सुरुवात करतात. स्वस्त विमान तिकीट दिसतं, ते काढलं जातं, मग त्या गावात कोणतं पार्क आहे ते शोधलं जातं. फिरायला जायचं असेल तर यात गैर काही नाही. पण सहल बक्षीस म्हणून असेल, तर मनातली ती एक गोष्ट आधी ओळखायला हवी. हॅरी पॉटरचं हॉगवर्ट्स? मारिओचं जग? की डिस्नेचा तो किल्लाच?

कारण सगळ्या पार्कांत सगळं नसतं. सुपर निन्टेन्डो वर्ल्ड जगात सर्वांत आधी जपानमधल्या ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओत २०२१मध्ये उघडलं. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत हॅरी पॉटरचा विभाग नाही, ओसाकात आहे. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये २०२३च्या नोव्हेंबरमध्ये 'फ्रोजन' चित्रपटावरचं पूर्ण गाव उभं राहिलं. अबू धाबीत डिस्ने पार्क येणार अशी घोषणा मे २०२५मध्ये झाली. लगेच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आता दुबईच्या ट्रिपमध्येच डिस्नेलँड होणार" असे मेसेज फिरले. घोषणा आणि उद्घाटन यांच्यात काही वर्षं जातात, हे त्या मेसेजमध्ये नव्हतं.

आणि असलेली गोष्टही चालू असेलच असं नाही. टोकियो डिस्नेलँडची 'स्पेस माउंटन' ही जुनी, लाडकी राइड ३१ जुलै २०२४ला बंद झाली. ती पाडून नवी बांधायची आणि २०२७मध्ये उघडायची अशी योजना जाहीर झाली. तिच्यासाठीच कुणी मधल्या काळात तिकीट काढलं असेल तर? प्रत्येक मोठ्या पार्कच्या अधिकृत वेबसाइटवर कोणती राइड कोणत्या तारखांना दुरुस्तीसाठी बंद आहे, याची यादी असते. ती वाचायला पाच मिनिटं लागतात. विमानाचं तिकीट काढण्याआधीची पाच मिनिटं.

दुसरी गाळणी व्हिसाची. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेला जायचं तर मुलाखत द्यावी लागते आणि तिची तारीख मिळायलाच कित्येक महिने जाऊ शकतात. म्हणजे फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे घाईत ठरवायचं ठिकाण नाही. पॅरिससाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्याहून आधी नाही. हाँगकाँगला भारतीयांना १४ दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. जपानने २०२४मध्ये भारतातल्या पर्यटकांसाठी ई-व्हिसा सुरू केला. तो एकदाच प्रवेश देणारा आणि ९० दिवसांपर्यंतचा असतो. यातली एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट : विमानतळावर हा व्हिसा मोबाइलवर ऑनलाइन उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा प्रिंट चालत नाही. तेव्हा उतरल्या उतरल्या इंटरनेट चालू असेल, याची सोय हवी.

नियोजन नेमकं कसं करायचं, हे एका पार्कवरून नीट कळेल. त्यासाठी टोकियो घेऊ. आपल्यापासून अमेरिकेपेक्षा जवळ, घड्याळ फक्त साडेतीन तास पुढे, आणि डिस्नेच्या चाहत्यांत या ठिकाणाचं नाव फार आदराने घेतलं जातं.

टोकियोतलं डिस्ने टोकियोत नाही!

टोकियो डिस्नेलँड उघडलं १५ एप्रिल १९८३ला. अमेरिकेबाहेरचं हे पहिलं डिस्नेलँड. ते टोकियो शहरात नसून शेजारच्या चिबा प्रांतातल्या उरायासू गावात, समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर आहे. याची मालकी डिस्नेकडे नाही, ओरिएंटल लँड नावाच्या जपानी कंपनीकडे आहे. ती कंपनी डिस्नेला नाव आणि पात्रं वापरण्याचे पैसे देते. शेजारीच ४ सप्टेंबर २००१ला टोकियो डिस्नेसी हे दुसरं पार्क उघडलं. त्याची कल्पना समुद्र आणि बंदरांभोवती गुंफलेली आहे, आणि तिथली 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' ही ज्वालामुखीच्या पोटातून जाणारी राइड जगात दुसरीकडे कुठेही नाही. जून २०२४मध्ये या डिस्नेसीला 'फँटसी स्प्रिंग्ज' हा नवा विभाग जोडला गेला. त्यावर ३२० अब्ज येन खर्च झाले.

टोकियो स्टेशनवरून जेआर केइयो लाइनच्या गाडीने माइहामा स्टेशन गाठायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पण टोकियो स्टेशनातच या लाइनचे प्लॅटफॉर्म इतर गाड्यांपासून बरेच लांब आहेत. दादरला मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जाण्याचा अनुभव असलेल्यांनाही तिथली चाल लांब वाटेल. सकाळी लवकर पोहोचायचं असेल तेव्हा ही दहा-पंधरा मिनिटं हिशोबात धरायला हवीत.

दोन्ही पार्कांना २०२३-२४ या वर्षात मिळून सुमारे २ कोटी ७५ लाख लोकांनी भेट दिली. भागाकार केला तर दिवसाला साधारण ७५ हजार माणसं होतात. वानखेडे स्टेडियम दोनदा भरूनही माणसं उरतील! एवढ्या लोकांना त्याच मोजक्या राइड करायच्या असतात. इथून रांगेचं गणित सुरू होतं.

रांग रात्रीपर्यंत कमी का होत नाही?

हे गणित एकदा समजलं की पार्कातला अख्खा दिवस वेगळा दिसायला लागतो.

समजा, एक राइड तासाला १,५०० माणसांना फिरवून आणते. सकाळी नऊला दारं उघडली आणि पहिल्या अर्ध्या तासात २,००० माणसं थेट तिच्याकडे धावली. त्या अर्ध्या तासात ७५० जण बसून मोकळे होतील. म्हणजे साडेनऊला रांगेत १,२५० माणसं उभी आहेत. तासाला १,५०० या वेगाने ती संपायला ५० मिनिटं लागतील. नऊ वाजून पाच मिनिटांनी आलेला माणूस जवळजवळ सरळ आत गेला. साडेनऊला आलेल्याच्या वाट्याला ५० मिनिटं आली. फरक फक्त २५ मिनिटांचा.

पुढची गोष्ट जास्त मजेशीर आहे. साडेनऊनंतर दर तासाला बरोबर १,५०० नवीन माणसं येत राहिली, म्हणजे जितके बसतात तितकेच येतात, तर रांग वाढणारही नाही आणि कमीही होणार नाही. सकाळच्या त्या पहिल्या अर्ध्या तासात साचलेली १,२५० माणसांची रांग दिवसभर तशीच राहील. माणसं बदलतील, ५० मिनिटं तीच. "दुपारी जरा कमी झाली की जाऊ" हा विचार म्हणूनच फसतो. रांग हटते ती जेवणाच्या वेळी, परेड चालू असताना, पाऊस आल्यावर, किंवा शेवटच्या तास-दीड तासात लहान मुलांची कुटुंबं परतायला लागल्यावर. म्हणजे नवीन येणारे कमी झाले की मगच.

मोठी पार्कं रांगेत उभ्या माणसाचं मन रमवण्यात तरबेज असतात. रिकामा गेलेला वेळ गुंतलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, असं डेव्हिड माइस्टर यांनी १९८५च्या एका गाजलेल्या लेखात मांडलं होतं. म्हणून रांग गुहेतून जाते, जुन्या कचेरीतून जाते, भिंतींवर वस्तू मांडलेल्या असतात, बसण्याआधी एका खोलीत छोटी गोष्ट सांगितली जाते. हे छानच आहे, डिस्नेसीतल्या काही रांगा तर मुद्दाम बघण्यासारख्या आहेत. पण वेळ छोटा वाटला म्हणून तो छोटा होत नाही.

तेव्हा ज्या राइडसाठी एवढा खटाटोप केला, ती दिवसातली पहिली असायला हवी. दारं उघडण्याची जाहीर वेळ नऊ असली तरी टोकियोत गर्दी पाहून ती आधीच उघडली जाणं नेहमीचं आहे, आणि लोक त्याच्याही तासभर आधी रांगेत असतात. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पंधरा मिनिटं लवकर आत सोडतात. वर केलेलं गणित पाहिलं, तर ही पंधरा मिनिटं किती मोठी आहेत ते कळेल. अर्थात, ती हॉटेलं स्वस्त नाहीत.

पैसे भरून रांग टाळणं : उधळपट्टी की शहाणपणा?

१९९९मध्ये डिस्नेने फ्लोरिडात फास्टपास सुरू केला. यंत्रातून वेळेची चिठ्ठी घ्यायची आणि त्या वेळी येऊन वेगळ्या रांगेतून आत जायचं, तेही फुकट. २०२१मध्ये अमेरिकेत त्याची जागा पैसे भरायच्या सेवेने घेतली. टोकियोत २०२२पासून 'प्रीमियर ॲक्सेस' आहे. यात मोजक्या राइडसाठी प्रत्येक वेळी साधारण १,५०० ते २,५०० येन भरून ठरावीक वेळ विकत घेता येते. ती ॲपवरून, पार्कात शिरल्यानंतरच घेता येते, आणि सर्वांत मागणी असलेल्या राइडची संपूनही जाते.

आता पुन्हा मघाचं गणित. त्या राइडच्या निम्म्या जागा पैसे भरलेल्यांसाठी राखल्या, तर साध्या रांगेला तासाला ७५० जागाच उरतात. तीच १,२५० माणसांची रांग ५० मिनिटांऐवजी १०० मिनिटांची होते. म्हणजे जादा पैसे भरणाऱ्याचा वाचलेला वेळ कुठूनतरी येतो, तो न भरणाऱ्याच्या खिशातून. हे न्याय्य आहे का, यावर चाहत्यांत कायम भांडणं होतात आणि ती योग्यच आहेत. पण एकदा तिथे पोहोचल्यावर प्रश्न फक्त हिशोबाचा उरतो.

तो हिशोब असा. समजा सगळी सहल दोन लाख रुपयांना पडली. त्यातला निम्मा खर्च टोकियो शहर बघण्याचा आणि निम्मा पार्कचा धरू. पार्कात दोन दिवस, रोज बारा तास. म्हणजे एक लाखाला २४ तास. पार्कातला एक तास चार हजार रुपयांहून महाग पडतो! येन ६० पैशांचा धरला तर २,००० येनचा पास होतो १,२०० रुपयांचा. त्याने तास-सव्वा तास वाचत असेल, तर तो महाग नाही. दोन लाख खर्च करून गेलेला माणूस नेमकी हीच रक्कम "उगाच कशाला" म्हणून वाचवतो आणि पाच हजारांचा वेळ रांगेत घालवतो.

याचा अर्थ प्रत्येक राइडला पैसे भरा असा नाही. मनातल्या यादीतल्या पहिल्या एक-दोन गोष्टींसाठी भरावेत, बाकी सकाळचा पहिला तास आणि रात्रीचा शेवटचा तास सांभाळून घेतात. यादी वीस राइडची असेल, तर ती आधी घरीच फाडून टाकावी.

तारीख निवडणं म्हणजे अर्धी लढाई

प्रवेशाचं तिकीट तारखेनुसार असतं आणि साधारण दोन महिने आधी विक्रीला येतं. ऑक्टोबर २०२३पासून मोठ्यांचं एका दिवसाचं, एका पार्कचं तिकीट दिवसाप्रमाणे ७,९०० ते १०,९०० येन आहे, म्हणजे ६० पैशांच्या हिशोबाने साधारण पावणेपाच ते साडेसहा हजार रुपये. एका तिकिटात दोन्ही पार्कं होत नाहीत. पैसे परत मिळत नाहीत, जागा असेल तर तारीख बदलता येते. त्यामुळे व्हिसा हातात येण्याआधी तिकीट काढायची घाई नको.

यातली एक गंमत बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तिकिटाचे वेगवेगळे दर हाच गर्दीचा अंदाज आहे, तोही फुकट. पार्क चालवणाऱ्या कंपनीला कोणत्या दिवशी किती लोक येतील हे चांगलं ठाऊक असतं आणि ज्या दिवशी झुंबड होणार त्याच दिवशी तिकीट महाग असतं. दरांचं कॅलेंडर उघडायचं आणि स्वस्त दिवस शोधायचे. पैसे वाचतात आणि रांगही.

जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीची 'गोल्डन वीक'ची सुट्टी, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन, नववर्ष आणि मार्चअखेरची शाळांची सुट्टी हे काळ टाळावेत. गोची अशी की आपल्याकडची परीक्षेनंतरची सुट्टी नेमकी गोल्डन वीकला जाऊन भिडते. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत तिथे पावसाळा असतो, जुलै-ऑगस्टचा उकाडा मुंबईकरालाही घाम फोडतो, सप्टेंबरात चक्रीवादळांचा धोका. सुट्टीच्या वेळापत्रकाला न बांधलेल्या माणसाला मोठा फायदा इथेच आहे. एकट्याने किंवा मित्रमैत्रिणींबरोबर जाणारा नोकरदार जानेवारीच्या मध्यात किंवा नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी जाऊ शकतो. शाळेतली मुलं असलेल्या कुटुंबाला ते जमत नाही.

पैसे साठवताना आणि भरताना

दोन लाखांचं ध्येय असेल, तर महिन्याला बारा हजार बाजूला टाकून सतरा महिने लागतात. एवढ्या कमी मुदतीच्या, ठरलेल्या तारखेच्या पैशांसाठी शेअर बाजार ही जागा नव्हे. बँकेतलं आवर्ती ठेव खातं कंटाळवाणं असलं तरी निघायच्या महिन्यात बाजार पडला म्हणून सहल रद्द होत नाही. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर जाणं हा पर्याय जाहिरातींत फार सोपा दिसतो. शैक्षणिक कर्ज संपल्याच्या आनंदात नवं कर्ज काढणं, यातला विनोद सांगायला नकोच.

साठवण्याच्या या काळाला त्रास म्हणून बघण्याचंही कारण नाही. नेदरलँड्समध्ये १,५३० प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी आढळले, पण निघण्याआधी! परतल्यावर बहुतेकांच्या बाबतीत हा फरक उरलेला नव्हता, अगदी निवांत सुट्टी झालेल्यांचा अपवाद सोडला तर. म्हणजे सतरा महिने नकाशे बघणं, राइडची यादी बदलत राहणं हाही बक्षिसाचाच भाग आहे. आणि "निवांत" हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा.

भरण्याच्या बाबतीत तीन गोष्टी. एक, रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमांनंतर नवीन कार्डांवर परदेशी व्यवहार आपोआप चालू नसतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात, नाहीतर तिकीट काढताना कार्ड नाकारलं जातं. दोन, परदेशी चलनात खर्च केल्यावर बऱ्याच कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के जादा आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. दुकानातल्या यंत्राने "रुपयांत भरायचं की येनमध्ये?" असं विचारलं तर येनच निवडावं. रुपये निवडले की दर त्या यंत्राचा लागतो आणि तो बहुतेक वेळा महाग असतो. तीन, परदेशाचं टूर पॅकेज घेतलं तर कंपनी टीसीएस कापते. ऑक्टोबर २०२३मध्ये ७ लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के असे दर आले, २०२५मध्ये ती मर्यादा १० लाख झाली. हे नियम अर्थसंकल्पात बदलत राहतात, म्हणून बुकिंगच्या वेळचा दर विचारून घ्यावा. हा जादा कर नाही, विवरणपत्र भरताना तो आपल्या करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत पैसे अडकतात, तेवढी तजवीज हवी.

टूर कंपनीबरोबर जावं का? व्हिसाची कागदपत्रं, जेवण, सोबत या गोष्टी त्यांच्याकडे सोप्या होतात, विशेषतः पहिल्याच परदेश प्रवासात. मात्र आधी एकच प्रश्न विचारावा : पार्कात किती वाजता सोडणार आणि किती वाजता परत बोलावणार? बस नाश्ता करून साडेदहाला पोहोचवणार आणि संध्याकाळी सहाला निघणार असेल, तर दिवसातले दोन्ही सोन्याचे तास, पहिला आणि शेवटचा, हातातून गेले. आतषबाजीही गेली.

रंगीत तालीम खोपोलीत

दोन लाख रुपये खर्च करून गेल्यावर आपल्याला रोलर कोस्टरवर मळमळतं, हे कळण्यासारखी वाईट गोष्ट नाही. बऱ्याच मोठ्या माणसांनी शेवटची राइड जत्रेतल्या आकाशपाळण्यात केलेली असते आणि मधल्या वीस वर्षांत कान, मान, कंबर सगळं बदललेलं असतं. मुंबई-पुण्याकडच्यांना यासाठी खोपोलीजवळचं इमॅजिका हाताशी आहे. तिथे 'नायट्रो'सारखा पाय अधांतरी लोंबकळणारा मोठा कोस्टर आहे आणि 'मिस्टर इंडिया'सारखी पडद्यासमोर खुर्ची हलवणारी राइडही. उंची आणि वेग सोसतो का, पडद्यावरच्या हालचालीने डोकं गरगरतं का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचं उत्तर एका दिवसात मिळतं. बारा तास चालून बूट चावतात का, तेही. पाठीचं किंवा रक्तदाबाचं दुखणं असेल, तर डॉक्टरांशी बोलणं इथूनच सुरू व्हायला हवं. मोठ्या राइडच्या दाराशी अशा लोकांनी बसू नये अशी पाटी असतेच. गंभीर कोस्टर सोसत नाही असं कळलं, तरी स्वप्न मोडत नाही. टोकियोतली 'पूज हनी हंट' ही रुळांशिवाय फिरणाऱ्या मधाच्या भांड्यांची राइड लहानांइतकीच मोठ्यांची आवडती आहे.

एकट्याने गेलं तर?

बक्षीस स्वतःचं आहे, पण सोबत कुणी तयार नाही, अशी वेळ अनेकांवर येते. जपान यासाठी फार सोयीचा देश आहे. तिथे एकट्याने जेवणं, फिरणं, सिनेमा बघणं याला 'ओहितोरिसामा' असा खास शब्द आहे आणि हॉटेलात एक माणूस बसलेला पाहून कुणी वळून बघत नाही. पार्कात एकट्याला उलट फायदा होतो. कुठे जायचं यावर चर्चा नाही, कुणासाठी थांबणं नाही, परेडला रस्त्याकडेला एका माणसाची फट सहज मिळते. जगभरातल्या अनेक पार्कांत काही राइडना एकट्यांची वेगळी रांग असते. चौघांच्या डब्यात तिघांचं कुटुंब बसलं की उरलेली जागा तिला मिळते. ओसाका आणि सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये ही सोय वापरण्याजोगी आहे. तोटा एवढाच की रांगेत गप्पा मारायला कुणी नसतं आणि ॲप, तिकीट, नकाशा, फोटो सगळं एकाच फोनवर असल्याने दुपारपर्यंत बॅटरी मान टाकते. पॉवर बँक आठवणीने हँडबॅगेत ठेवावी, चेक-इन सामानात ती चालत नाही.

शाकाहारी माणसाची मात्र तिथे परीक्षा असते. जपानी सूप, सॉस, नूडल्स यांच्या मुळाशी बहुधा माशांचा रस असतो, त्यामुळे भाज्या दिसल्या म्हणजे पदार्थ शाकाहारी असेल असं नाही. डिस्नेसीतल्या 'कॅस्बा फूड कोर्ट'मध्ये नान आणि करी मिळते हे वाचून हुरळून जाण्याआधी करी कशाची आहे ते विचारावं. पार्कच्या वेबसाइटवर पदार्थांची माहिती असते, ती आदल्या रात्री वाचून दोन जागा ठरवून ठेवाव्यात. बाहेरचं खाणं पार्कात आणायला परवानगी नाही, पण दाराबाहेर डबा खाण्यासाठी वेगळी जागा आहे. घरून दशम्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी नेली तर चालते. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ मात्र जपानच्या विमानतळावरच अडवतात. बाकी पॉपकॉर्न आहेच. टोकियोत ते वेगवेगळ्या चवींचं मिळतं, कोणती चव कोणत्या गाडीवर याचे नकाशे चाहते बाळगतात, आणि त्यासाठीही रांग असते.

दोन पार्कांचे दोन दिवस लागोपाठ ठेवायचा मोह होतो. मध्ये एक दिवस सोडलेला बरा. पहिल्या दिवशी वीस हजारांच्या आसपास पावलं सहज होतात आणि दुसऱ्या सकाळी सातला पुन्हा दाराशी उभं राहायचं असतं. मधल्या दिवशी उशिरा उठावं, टोकियोतल्या एखाद्या बागेत बसावं आणि संध्याकाळी दुसऱ्या पार्कचा नकाशा उघडून यादीतल्या चार नावांपैकी दोन खोडावीत.